पाहुणीला मुभा, लेकीला परीक्षा

दुबईला जाऊन आलेला माणूस उंच इमारतींबद्दल बोलतो, सोन्याबद्दल बोलतो आणि खजुराचा डबा पुढे करतो. खजूर मीही आणले होते, ते वाटून संपले. पण गल्लीत जो भेटेल त्याला मी इमारतींऐवजी तिथल्या एका नियमाबद्दल सांगत सुटते, आणि सांगताना माझा आवाज चढतो असं शेजारच्या बाई म्हणतात. चढतोच. कारण तसं आहे.

मी मिरजेत बायकांना मोटार चालवायला शिकवते. चोवीस वर्षं झाली. डॉक्टरीणबाई, शाळेतल्या बाई, नव्या सुना, त्यांच्या सासवा, अशा शेकडो जणी माझ्या शेजारी बसून शिकल्या. माझी मुलगी रेवतीही तशीच शिकली. अठराव्या वर्षी तिला परवाना मिळाला, पुढे सहा वर्षं तिने पुण्याच्या रहदारीत गाडी चालवली आणि गाडीला साधा ओरखडा पडू दिला नाही. नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन ती दुबईला गेली. आणि तिथे ती गाडीच्या परीक्षेत नापास झाली. एकदा नव्हे, पाचदा!

माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी पाचदा नापास. ही बातमी मी मिरजेत कुणालाही सांगितली नव्हती.

अल कुसैस

रेवती राहते तो अल कुसैसचा भाग शारजाच्या हद्दीला लागून आहे. खाली उडप्याचं हॉटेल, पलीकडे केरळी किराणा, आणि लिफ्टमध्ये आपण मराठी बोललो की मागचा माणूस हसून विचारतो, "कुठले तुम्ही?" परदेशात आल्यासारखं वाटायला मला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी जावयांचा फोन आला. समीरराव फुजैरा बंदरात तेलाच्या टर्मिनलवर नोकरीला आहेत. आठवडाभर तिथल्या कंपनीच्या खोलीत राहायचं आणि शनिवार-रविवारी घरी यायचं, असा त्यांचा शिरस्ता. जिन्यावरून पाय घसरून त्यांचा उजवा घोटा मोडला होता. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं होतं. त्यांची गाडी तिथेच उभी, आणि ती चालवायला कुणी नाही.

"टॅक्सी करू येताना," रेवती म्हणाली.

"टॅक्सी कशाला? मी आहे ना." मी पर्समधून माझा आंतरराष्ट्रीय परवाना काढला. निघण्याआधी आरटीओतून मुद्दाम करून घेतलेला, फोटो आणि शिक्का असलेलं राखाडी पुस्तक. खरं तर मिरवायलाच आणला होता.

रेवतीने फोनवर नियम वाचले. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, तू चालवू शकतेस. भाड्याची गाडी घेऊन. तू व्हिजिटवर आहेस, पाहुणी आहेस, म्हणून हे पुस्तक चालतं."

"आणि तू?"

"मी इथली रेसिडेंट. माझं आपल्याकडचं लायसन्स इथे धरत नाहीत. इथली टेस्ट पास झाले तरच."

मी तिला पुन्हा वाचायला लावलं. तिने वाचलं. जी बाई परवा विमानातून उतरली, जिने उजव्या बाजूने जाणारी रहदारी जन्मात पाहिली नाही, तिला मोकळीक. आणि जी नऊ वर्षं इथे राहते, जिला इथला प्रत्येक फाटा पाठ आहे, तिला बंदी! वर आणखी ऐका. काही देशांची एक यादी आहे. त्या देशांतला माणूस इथे राहायला आला की त्याला परीक्षा नाही, काउंटरवर जुना परवाना द्यायचा आणि नवा घ्यायचा. आपला देश त्या यादीत नाही. रेवतीच्या ऑफिसात अशा एका देशातून आलेली मुलगी आहे, तिला महिन्याभरात परवाना मिळाला. आता ती रेवतीला म्हणते, "तुला सोडू का वाटेत?"

"आणि तू तिच्या गाडीत बसतेस?" मी विचारलं.

"मग काय करू? उन्हात उभी राहू?"

रेवतीला ऑफिसने बाहेरच्या साइटवर फिरायचं पद देऊ केलं होतं, अट परवान्याची. सहावी परीक्षा दहा दिवसांवर आली होती आणि ती म्हणत होती, मी जाणारच नाही. पाच वेळा का नापास झालीस असं मी फोनवर कितीदा विचारलं होतं. दर वेळी एकच उत्तर यायचं, "परीक्षक कडक होत्या." मी त्या न पाहिलेल्या परीक्षकबाईंना मिरजेत बसून काय काय बोलले होते ते इथे लिहीत नाही.

गाडी भाड्याने देणाऱ्याच्या दुकानात आम्ही तिघी गेलो. मी, रेवती आणि तिची आठ वर्षांची ईरा. काउंटरवरच्या माणसाने आमच्या मागे दारापर्यंत नजर टाकली.

"सर किधर है? ड्राइव्ह कौन करेगा?"

"मी," मी मराठीतच म्हणाले.

त्याने रेवतीकडे पाहिलं. रेवतीने माझ्याकडे बोट केलं. मग त्याने माझे पांढरे केस पाहिले, राखाडी पुस्तक उलटसुलट पाहिलं, पासपोर्टची प्रत काढली, अनामत घेतली आणि किल्ली दिली. दहा मिनिटं. उजव्या बाजूने कधी चालवली आहे का, असं त्याने विचारलं नाही. एक चक्कर मारून दाखवा म्हणाला नाही. तेव्हा मला त्याचा राग आला तो "सर किधर है" या प्रश्नाचा. खरा राग कशाचा यायला हवा होता हे कळायला आणखी दोन दिवस जायचे होते.

मासाफीच्या वाटेवर

शनिवारी सकाळी निघालो. पहिल्याच वळणाला मी दिवा द्यायला गेले आणि वायपर सुरू झाले. तिकडच्या गाडीत स्टिअरिंग डावीकडे, म्हणून दांड्याही उलट्या. कोरड्या काचेवर वायपर खरडत होते, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि मागे ईरा हसून लोळत होती.

"आजी, इट्स नॉट रेनिंग!"

"दिसतंय मला."

शारजा ओलांडेपर्यंत मी घामाघूम झाले. गोल चौकात आधीपासून फिरत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, आणि ती डावीकडून येते. मी सवयीने उजवीकडे बघत उभी. एका पुढे निघालेल्या टेम्पोला मी हॉर्न दिला तर ईराने कानांवर हात ठेवले.

"आजी, डोन्ट हॉर्न! पीपल विल थिंक यू आर अँग्री."

"आहेच मी अँग्री."

रेवती शेजारी बसून मला सांगत होती. पुढे कॅमेरा आहे. डावी लेन सोड, ती फास्टवाल्यांची. कुणी माणूस पट्ट्यांवर पाय ठेवला की थांबायचंच. पिवळ्या रेघेच्या बाहेर गाडी उभी करायची नाही, फोटोसाठी तर नाहीच. तिला सगळं तोंडपाठ होतं. मी ऐकत होते आणि माझा संताप वाढत होता, की हिला नापास कोण करतं?

एक गोष्ट मात्र मला खटकली. मी लेन बदलायला लागले की ती शेजारच्या सीटवर बसून मान वळवून मागे बघायची. दर वेळी.

"काय गं सारखी मान फिरवतेस? गाडी मी चालवतेय."

"सवय लागलीय," ती म्हणाली आणि समोर बघायला लागली.

माझ्या गाडीत पहिला धडा हाच असतो. नजर रस्त्यावर, मान सरळ, मागचं बघायला आरसे आहेत. शिकणारी बाई भीतीने मागे वळून बघते आणि तेवढ्यात पुढच्या रिक्षावर जाते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. म्हणून कुणाची मान वळली की मी दोन बोटं तिच्या हनुवटीला लावून चेहरा समोर करते. रेवतीच्याही हनुवटीला मी तशी बोटं लावली होती.

धैद गावाच्या पुढे वाळू मागे पडते आणि डोंगर सुरू होतात. आंबा घाट ज्यांनी पाहिलाय त्यांनी तो डोळ्यांसमोर आणावा आणि त्यातलं झाड न् झाड, गवताची काडी न् काडी काढून टाकावी. उरतो तो भाजलेल्या विटेच्या रंगाचा दगड. पण रस्ता असा गुळगुळीत, की मी मिरज-सांगली रस्ता आठवून मनातल्या मनात आपल्या ठेकेदारांनाही शिव्या दिल्या. राग एकदा सुरू झाला की त्याला जागा पुष्कळ असतात.

मासाफीला रस्त्याच्या कडेने बाजार आहे. गालिचे, मातीची भांडी, आंबे, मक्याची कणसं. चहाच्या टपरीसमोर मी गाडी लावली आणि उतरायला लागले तर रेवती म्हणाली, "उतरू नकोस. हॉर्न दे."

"काय?"

"हॉर्न दे. तो चहा गाडीत आणून देतो."

मी दिला. एक मध्यमवयीन केरळी गृहस्थ धावत आले आणि कागदी कपात वेलदोड्याचा घट्ट कडक चहा देऊन गेले. दीड दिरहॅम, म्हणजे छत्तीस रुपये, मी मोठ्याने हिशोब केला. मग ईराला म्हणाले, "टेम्पोवाल्याला सावध करायला हॉर्न द्यायचा नाही, आणि चहा मागवायला चालतो? हा कुठला न्याय?"

"आजी, दॅट्स डिफरंट," ती म्हणाली. चहा मात्र उत्तम होता, ते कबूल करते.

फुजैरा

फुजैरा मला आवडलं. समुद्रात क्षितिजापर्यंत तेलाची जहाजं नांगरलेली, आणि गावाच्या पाठीशी तेच भाजलेले डोंगर. समीरराव खोलीच्या दारात कुबड्या घेऊन उभे होते. खाली वाकून नमस्कार करायला गेले तेव्हा मीच त्यांना धरलं.

"आई, तुम्ही चालवत आलात? एवढ्या लांब?"

"मग कोण येणार? तुमच्या सरकारने माझ्या मुलीला बसवून ठेवलंय."

"माझं कुठलं सरकार, आई," ते हसले. "मीही चौथ्या वेळेला पास झालो."

त्यांच्या शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याने सकाळी बंदरावरून ताजा मासा आणून आमटी केली होती. मी नेलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी त्या आमटीबरोबर खाल्ली. आमच्याकडे हे कुणी केलं तर त्याला वेड्यात काढतील, पण चार जणांत बारा धपाटे संपले. रात्री तिथेच राहिलो. झोपताना मी रेवतीला म्हटलं, "परवा मीच येते त्या परीक्षेच्या ऑफिसात. विचारते त्या बाईंना."

"नको आई. प्लीज."

आणि कूस बदलून तिने पाठ केली.

परतीचा रस्ता

रविवारी दुपारी परत निघालो. पाय लांब ठेवता यावा म्हणून समीररावांना पुढे बसवलं आणि रेवती मागे ईराजवळ बसली. आता माझा हात बसला होता. दिव्याऐवजी वायपर एकदाच लागले. एकशेवीसच्या पाटीखाली मी शंभरने चालले होते आणि मला वाटत होतं, बघा म्हणावं, बोलवा तुमच्या परीक्षकांना.

शारजाजवळ रहदारी दाटली. आमचा फाटा उजवीकडे होता. मी आरशात पाहिलं, लेन मोकळी होती. दिवा दिला. पुन्हा आरशात पाहिलं, मोकळीच. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं.

"आई, थांब! बाईक!"

रेवती इतक्या जोराने ओरडली की मी विचार न करता स्टिअरिंग मागे खेचलं. उजव्या खिडकीत, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, एक हेल्मेट दिसलं. जेवणाची पार्सलं पोचवणारा मोटारसायकलवाला. त्याची गाडी डगमगली, पिवळी रेघ ओलांडून कडेला गेली, मागची पेटी एकीकडे झुकली, आणि कशीबशी सरळ झाली. माझ्या मागच्या गाडीने करकचून ब्रेक मारला.

तो आरशात नव्हता. मी शपथेवर सांगते, दोनदा पाहिलं, तो आरशात नव्हता.

फाट्याला उतरून मी पहिल्याच पेट्रोल पंपावर गाडी घेतली. इंजिन बंद केलं. तो मागोमाग आला. मी दार उघडून उतरले. आता हा शिव्या देणार, आणि त्याला तो हक्क आहे, असं मनाशी म्हणत हात जोडून उभी राहिले.

त्याने हेल्मेट काढलं. तिशीतला माणूस, पेशावरकडचा असावा. माझ्याकडे बघून त्याचा चढलेला चेहरा निवळला. त्याला वाटलं असेल, कुणी मस्तवाल पोरगा असेल आत.

"माफ करना भैया," मी म्हणाले. "शीशे में देखा था. दो बार देखा था."

"खलास, आंटी, खलास. कुछ नहीं हुआ." तो म्हणाला. "लेकिन शीशा सब नहीं दिखाता. गर्दन घुमा के देखना. मेरे जैसा आदमी वहीं होता है."

त्याने पेटी सरळ केली, घड्याळ बघितलं आणि गेला. कुणाचं तरी जेवण थंड होत होतं.

मी गाडीत बसले. मग मागून रेवती म्हणाली, "आई, रागावू नकोस."

"बोल."

"पाचही वेळा शेऱ्यात तेच लिहिलं होतं. लेन बदलताना मान वळवून बघितलं नाही. क्लासमध्ये मी बरोबर करते. शेजारी बसले तरी करते, पाहिलंस ना तू. पण टेस्टला परीक्षक शेजारी येऊन बसल्या की मला मिरजेतल्या गाडीत बसल्यासारखं वाटतं. मान वळतच नाही. तुझी बोटं आहेत असं वाटतं इथे." तिने हनुवटीला हात लावला.

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस? पाच वेळा?"

"काय सांगणार? तू चोवीस वर्षं तेच शिकवतेस."

मी तिच्यावर चिडले. खूप चिडले. पेट्रोल पंपावर उभ्या गाडीत मी तिला म्हटलं की तू मला सांगायला हवं होतंस, मी काय तुला खाल्लं असतं का, तुझ्या गप्प बसण्यामुळे आज एका माणसाचा जीव गेला असता. ती रडायला लागली. ईरा रडायला लागली. समीरराव कुबड्यांकडे बघत बसले. मग मलाच माझं बोलणं ऐकू आलं. जिने ओरडून त्या माणसाला वाचवलं तिलाच मी झापत होते.

पुढचा रस्ता रेवतीच्या डोळ्यांनी झाला. ती मागून मान वळवून बघायची आणि सांगायची, "आता जा." तिने सांगितल्याशिवाय मी लेन बदलली नाही. चाक हातात धरायचा हक्क माझा, आणि चालवत होती ती. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. माझ्या मुलीला पाच वेळा तपासलं म्हणून मी त्या नियमाला शिव्या देत होते. मला एकदाही कुणी तपासलं नाही, त्याचं काय? एका राखाडी पुस्तकावर त्यांनी माझ्यासारखीला एकशेवीसच्या रस्त्यावर सोडलं! तो नियम मला अजून उलटाच वाटतो. फक्त तो ज्या बाजूने उलटा आहे असं मी समजत होते, ती बाजू चुकली होती.

सोमवारी सकाळी, भाड्याची मुदत तीन दिवस उरलेली असताना, मी गाडी परत करायला गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "कुछ प्रॉब्लेम है गाडी में?"

"गाडी में नहीं," मी म्हणाले. त्याला ते कळलं नाही, आणि मीही समजावत बसले नाही.

उरलेले दिवस आम्ही दोघी रोज संध्याकाळी इमारतीच्या मागच्या बाकावर बसायचो. मी परीक्षक. तिच्या शेजारी बसून मी अचानक म्हणायची, "उजवीकडे घ्या," आणि ती मान वळवायची. चुकली की मी हनुवटीला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. मी हात मांडीखाली दाबून बसायची. समीरराव वरून खिडकीतून ओरडायचे, "यल्ला, चला, पुढचा राउंड!" येणारेजाणारे बघायचे, दोन बायका बाकावर बसून माना का हलवताहेत.

सहाव्या वेळेला रेवती पास झाली. बाहेर आली आणि तिने आधी कागद दाखवला. मग म्हणाली, "परीक्षकबाई म्हणाल्या, जरा जास्तच वेळा वळवलीस मान."

मिरज

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात मी शिकवण्याचं काम असं केलंच नाही. जुनी वही काढली आणि माझ्याकडे शिकून गेलेल्या बायकांना फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येकीला सांगायचं, की मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची शिकवली. चोवीस वर्षांची मॅडम, आणि सांगते काय, तर माझं चुकलं.

पहिल्या दोघींनी नुसतं "बरं मॅडम" म्हटलं. तिसरी बँकेतली एक बाई, पंधरा वर्षांपूर्वी शिकून गेलेली. माझं सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "मॅडम, मी तर पहिल्यापासून मान वळवते."

"अगं, पण मी तुला नको म्हणाले होते ना?"

"हो. म्हणून तुम्ही गाडीतून उतरल्यावर वळवायचे. आम्ही सगळ्याच वळवायचो."

"मग मला सांगितलं का नाही कुणी?"

ती हसली. "तुम्ही रागावल्या असतात ना, मॅडम."

मी फोन ठेवला, आणि खरंच, मला भयंकर राग आला होता.